शासकीय जाहीर नोटिसा वर्तमानपत्रात: किती पेपर, कोणती भाषा आणि मुदत नक्की कुठून मोजायची?

गटनंबर

भूसंपादनाची, विकास आराखड्यातल्या फेरबदलाची किंवा जनसुनावणीची नोटीस पेपरात आली की लोक दोनच गोष्टी विचारतात. ही नोटीस कायद्याला धरून आहे का, आणि हरकत द्यायला किती दिवस आहेत? दोन्हींचं उत्तर नोटिशीच्या पहिल्या दोन-तीन ओळींत छापलेल्या कलमात असतं. सगळ्या शासकीय नोटिसांना लागू होईल असा एक नियम आपल्याकडे नाहीच. प्रत्येक कायदा आपापलं सांगतो: पेपर किती, भाषा कोणती, पेपरशिवाय आणखी कुठे लावायची, आणि दिवस कुठल्या तारखेपासून धरायचे. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं. म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी आपापल्या कायद्याची भर घालावी.

सुरुवात भूसंपादनापासून करतो.

२०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ची प्राथमिक अधिसूचना पाच ठिकाणी प्रसिद्ध व्हावी लागते. राजपत्रात, त्या भागात खप असलेल्या दोन दैनिकांत, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका-महापालिका आणि जिल्हाधिकारी, उपविभागीय व तहसील कार्यालयांत स्थानिक भाषेत, शासनाच्या संकेतस्थळावर, आणि बाधित क्षेत्रात नियमांत सांगितलेल्या पद्धतीने. शिवाय खास त्यासाठी बोलावलेल्या सभेत ग्रामसभेला अधिसूचनेचा मजकूर कळवायचा असतो. हरकतीला कलम १५प्रमाणे ६० दिवस. अधिसूचना निघाल्यापासून त्या जमिनीचे खरेदी-विक्रीचे व्यवहारही थांबतात, हे कलम ११(४). ज्यांनी नुकतंच साठेखत केलंय त्यांनी हे पोटकलम आधी वाचावं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. जुन्या १८९४च्या कायद्यात राजपत्र, पेपर आणि गावातली जाहीर सूचना यांतली जी तारीख सगळ्यात शेवटची, तीच प्रसिद्धीची तारीख, असं कलम ४मध्येच लिहिलं होतं. २०१३च्या कलम ११मध्ये ते वाक्य नाही. त्यामुळे शेवटच्या तारखेपासून ६० दिवस मोजत बसू नका. जी तारीख सगळ्यात आधीची असेल तिथून मोजा आणि त्यात हरकत द्या. मग वादच उरत नाही.

राष्ट्रीय महामार्गाची गोष्ट पूर्ण वेगळी. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६, कलम ३अ(१)ची अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात निघते. तिचा सारांश सक्षम प्राधिकारी दोन स्थानिक वर्तमानपत्रांत देतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, हे ३अ(३). हरकतीला कलम ३क खाली फक्त २१ दिवस. आणि हे २१ दिवस ३अ(१)च्या, म्हणजे राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून. पेपरच्या तारखेपासून नाही.

कोकणवाट

म्हणजे राजपत्र ३ जूनचं आणि पेपरात सारांश १४ जूनला आला, तर हातात उरतात किती?

कलमदान

दहा. सामान्य खंड अधिनियमाच्या कलम ९प्रमाणे 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सोडतात. ३ जून सोडा, ४ जून पहिला दिवस, २४ जून एकविसावा. १४ तारखेला पेपर वाचला तर १५ ते २४. त्यात शनिवार-रविवार आले की कामाचे दिवस सहा ते आठ. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर कलम १०प्रमाणे पुढच्या उघड्या दिवशी दिलेली हरकत मुदतीत धरली जाते. पण हा आधार अडीअडचणीचा आहे, त्यावर विसंबून आराम करू नये.

पेपरातल्या सारांशात 'का.आ.' किंवा 'एस. ओ.' असा क्रमांक आणि तारीख असते. तो क्रमांक घेऊन केंद्राच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर शोधा. महामार्गाच्या अधिसूचना 'असाधारण, भाग २, खंड ३, उपखंड (दोन)' मध्ये असतात. १ ऑक्टोबर २०१५पासून केंद्राचं राजपत्र फक्त इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे छापील अंक मिळत नाही म्हणून अडून बसू नका. पीडीएफच्या पहिल्या पानावरची तारीख आणि शेवटच्या पानावर डिजिटल सहीची तारीख-वेळ, दोन्ही बघा. अधिसूचनेवर एक तारीख आणि ती प्रत्यक्ष अपलोड झाली दुसऱ्या दिवशी, असं घडतं. जी. एस. छाठा राइस मिल्स प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ई-राजपत्रात अपलोड होण्याच्या वेळेला महत्त्व दिलं. ते प्रकरण सीमाशुल्काचं होतं, पण राजपत्र 'प्रसिद्ध' कधी झालं हे ठरवताना त्याचा आधार घेता येतो.

महामार्गाच्या कायद्यात पेपरची नोटीस दुसऱ्यांदाही येते: कलम ३ग(३), मोबदला ठरवण्याआधी. पुन्हा दोन स्थानिक पेपर, एक स्थानिक भाषेत. ही हरकतीची नोटीस नव्हे, हक्क सांगण्याची आहे. 'आमची हरकत आधीच दिली आहे' म्हणून इथे गैरहजर राहणारे बरेच असतात. मग सातबाऱ्यावर न चढलेला वारस, विहीर, झाडं, पाइपलाइन यांचा दावा नोंदवायचाच राहून जातो.

गटनंबर

कलमदान, नेमकं. नोटिशीतलं क्षेत्र कसं वाचायचं तेही इथेच लिहितो, कारण घोळ तिथेच होतो. महामार्गाच्या अनुसूचीत क्षेत्र हेक्टरमध्ये चार दशांशांपर्यंत असतं. ०.२३५० हे. म्हणजे २३.५ आर, म्हणजे २३५० चौ.मी., म्हणजे साधारण सव्वातेवीस गुंठे. आर आणि गुंठा एकच समजू नका: आर १०० चौ.मी.चा, गुंठा १०१.१७ चौ.मी.चा. दशांशचिन्ह एक घर सरकलं की २३ गुंठ्यांचे सव्वादोन होतात, किंवा उलट. पेपरातला आकडा राजपत्राशी आणि राजपत्रातला संयुक्त मोजणीच्या नकाशाशी ताडून बघा.

दुसरं, 'गट नं. ११२ पै.' असं असेल तर ते 'पैकी' कुठलं? रस्त्याच्या कडेचं की विहिरीकडचं? बारंगोर ज्यूट फॅक्टरी प्रकरणात (सर्वोच्च न्यायालय, २००५) नेमका हाच प्रश्न होता. भूखंडाचा काही भाग घेतला, पण कुठला भाग ते अधिसूचनेवरून कळत नव्हतं आणि नकाशाही जोडलेला नव्हता. न्यायालयाने अधिसूचना कायद्याला धरून नाही असं सांगितलं. तरी जमीन परत मिळाली नाही. तोवर ताबा जाऊन काम झालं होतं, म्हणून मोबदल्याची तारीख पुढे आणून, ताब्याच्या दिवसाचा बाजारभाव धरायला सांगितलं. नोटिशीतला दोष सापडला तर तो पहिल्या २१ दिवसांच्या हरकतीत लेखी मांडा. रस्ता झाल्यावर तोच दोष दाखवून फारसं काही हाती लागत नाही.

टिपणीस

कार्यालयाच्या बाजूने लिहितो. जाहिरात पेपरात जाते कशी, हे कळलं की चुका कुठे शिरतात तेही कळतं.

राज्य शासनाच्या कार्यालयांच्या जाहिराती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत, जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालयामार्फत जातात. सध्याचा आधार शासन संदेश प्रसार नियमावली २०१८. शासनाच्या यादीवर असलेल्या वर्तमानपत्रांना शासनमान्य दराने, चौरस सेंटिमीटरप्रमाणे बिल मिळतं. महापालिकांचे जनसंपर्क विभाग आपापली यादी चालवतात. केंद्राच्या कार्यालयांसाठी केंद्रीय संचार ब्युरो, म्हणजे पूर्वीचं डीएव्हीपी. छापून आलेल्या नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात जो क्रमांक असतो ('डीजीआयपीआर' किंवा 'जिमाका' आणि पुढे आर्थिक वर्ष) तो या वितरणाचा. माहिती अधिकारात कागद मागताना तो क्रमांक द्या, फाइल लगेच सापडते.

संबंधित कार्यालयाने पाठवायचं ते असं: सही-शिक्क्याचा मजकूर, त्याची युनिकोडमधली सॉफ्ट कॉपी, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, किती पेपर व कोणत्या भाषेत, कोणत्या तारखेच्या आत, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, आणि बिल कुणाच्या नावे. यातलं 'कोणत्या कलमाखाली' आणि 'कोणत्या तारखेच्या आत' हे दोन मुद्दे पत्रात नसले की जाहिरात नेहमीच्या रांगेत लागते. तिथे काम करणाऱ्याला २१ दिवस आधीच सुरू झालेत हे कळायला मार्ग नसतो.

आता चुका.

एक, फॉन्ट. अजूनही कित्येक कार्यालयांत मजकूर जुन्या फॉन्टात टाइप होतो आणि पेपरकडे रूपांतर होऊन जातो. रूपांतरात रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात. ती डोळ्यांना दिसतात म्हणून दुरुस्त होतात. आकडे मात्र निमूट बदलतात. तिरकी रेघ गायब झाली की ११२/१चा ११२१ होतो आणि गावात ११२१ नंबरचा गटच नसतो. बारीक छपाईत १ आणि ९, ५ आणि ६ एकमेकांसारखे दिसतात. म्हणून गट क्रमांकांचा तक्ता टाइप करून न पाठवता, तपासलेली पीडीएफ सोबत द्यावी आणि छापण्याआधी पेपरकडून प्रूफ मागवून मूळ तक्त्याशी ओळीओळीने वाचून घ्यावं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं. एकट्याने तपासलं तर डोळा सवयीने पुढे जातो.

दोन, मुदतीचं वाक्य. 'ही नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत' असं लिहितात, खाली सहीची तारीख असते ५ आणि छापून येते १६ला. म्हणजे नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत पंधरापैकी चारच दिवस उरल्यासारखे दिसतात. एक तर 'प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून' लिहा, नाहीतर कायद्यात राजपत्राची तारीख धरलेली असेल तर 'राजपत्र दिनांक अमुक, हरकतीचा शेवटचा दिनांक तमुक' असं सरळ छापा. शेवटची तारीख छापायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही आणि वाचणाऱ्याला हिशेब करत बसावं लागत नाही.

तीन, आवृत्ती. याबद्दल खाली वेगळं लिहितो.

पंचनामा

आवृत्तीचं मी लिहितो, कारण प्रकरणं त्यावर उभी राहतात आणि पडतात.

भूसंपादन कायद्यातले शब्द 'त्या भागात खप असलेली' असे आहेत. पेपर राज्यात मोठा असून भागत नाही. शाहूवाडीची जमीन आणि नोटीस मुंबई आवृत्तीत, तर तो पेपर महाराष्ट्रात पहिल्या क्रमांकाचा असला तरी शाहूवाडीत तो अंक पोचत नाही. एकाच पेपरच्या कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आवृत्त्यांची आतली पानं वेगळी असतात. म्हणून बघताना पेपरचं नाव पुरेसं नाही. आवृत्ती आणि पान क्रमांक दोन्ही टिपून ठेवा.

दुसऱ्या टोकाला फार कमी खपाची दैनिकं आहेत. नोंदणी आहे, यादीवर आहेत, पण तालुक्याच्या स्टँडवर मिळत नाहीत. ती बेकायदा आहेत असं सरसकट म्हणता येत नाही. हरकत घेताना 'हा पेपर कुणी वाचत नाही' असं मोघम लिहिल्याने काही होत नाही. 'सदर दैनिकाच्या अमुक आवृत्तीचा अमुक तालुक्यात खप असल्याचा पुरावा अभिलेखावर घ्यावा' असं लिहा. मग तो पुरावा जोडण्याची जबाबदारी कार्यालयावर येते.

भाषेचं म्हणाल तर जम्मू-काश्मीर हाउसिंग बोर्डाच्या प्रकरणात (सर्वोच्च न्यायालय, २०११) प्रादेशिक भाषेतल्या पेपरची अट पाळली गेली नाही म्हणून संपादन टिकलं नाही. इंग्रजी पेपर दोन घेऊन मराठीची भरपाई होत नाही.

सरळमार्गी

पण आता सगळं संकेतस्थळावर टाकतात. पेपरसाठी शासनाने पैसे का घालवावेत? मोबाईलवर सगळेच बघतात.

पंचनामा

सरळमार्गी, कायदा बदलला तर बदलेल. आज कायद्यात 'आणि' आहे, 'किंवा' नाही. संकेतस्थळ हे पाचातलं एक. कुलसुम नाडियादवाला विरुद्ध महाराष्ट्र शासन (२०१२) बघा. जुन्या कायद्यातलं प्रकरण. राजपत्र झालं, पेपर झाले, पण जमीन जिथे आहे तिथे जाहीर सूचना दिल्याचं दाखवता आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने संपादन रद्द केलं. त्याही आधी १९६७मध्ये खूब चंद प्रकरणात हीच भूमिका होती: स्थानिक जाहीर सूचना बंधनकारक.

आणि मोबाईल असला तरी संकेतस्थळावर रोज जाऊन नोटिसा कोण बघतं? पेपर घरात येतो, चहाच्या टपरीवर असतो, कुणीतरी वाचून शेजारच्याला फोन करतो. चावडीवरचा कागद त्या गावातल्याच लोकांसाठी असतो. प्रत्येक मार्गाचा माणूस वेगळा, म्हणूनच सगळे मार्ग एकत्र ठेवलेत. यातला एकही गाळू देऊ नये, या मताचा मी आहे.

निविदांबाबत मात्र तुम्ही म्हणता तसं बऱ्याच अंशी झालंय.

निविदा_खिडकी

हो. केंद्राच्या २००५च्या सामान्य वित्तीय नियमांत जाहीर निविदेसाठी इंडियन ट्रेड जर्नल आणि किमान एका राष्ट्रीय दैनिकाची अट होती. २०१७च्या नियमांत ती गेली. नियम १६१मध्ये केंद्रीय खरेदी पोर्टल, जेम (सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ) आणि कार्यालयाचं स्वतःचं संकेतस्थळ आलं. निविदा भरायला साधारणपणे किमान ३ आठवडे, आणि ते निविदा सूचनेच्या किंवा निविदा संच उपलब्ध होण्याच्या तारखेपासून, यातली जी नंतरची तिथून.

आपल्याकडे पेपरात 'संक्षिप्त निविदा सूचना' येते आणि बाकी सगळं महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर. तळाशी एक ओळ असते: 'यापुढील शुद्धिपत्रक फक्त संकेतस्थळावर प्रसिद्ध होईल.' कंत्राटदार नेमके हीच ओळ वाचत नाहीत. बयाणा रक्कम बदलते, निविदापूर्व बैठकीची तारीख सरकते आणि ते पेपरची वाट बघत राहतात. निविदेचा टेंडर आयडी पोर्टलवर टाकून भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत शुद्धिपत्रकं बघत राहा.

आराखडा

नगररचनेची भर.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७: मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल. आरक्षण बदलणं, ना-विकास क्षेत्रातून रहिवासात घेणं हे पुष्कळदा याच कलमाखाली येतं. राजपत्रात नोटीस, त्याशिवाय नियोजन प्राधिकरण ठरवील त्या रीतीने (इथे पेपर येतात), हरकती-सूचनांना नोटिशीपासून एक महिना. शिवाय फेरबदलाने बाधित होणाऱ्या व्यक्तींना नोटीस बजावायची असते. शेजारच्या सोसायट्यांनी यातलं शेवटचं वाक्य धरून ठेवावं. तुमच्या समोरच्या मैदानाचं आरक्षण उठतंय आणि तुम्हाला वेगळी नोटीस आली नाही, तर हरकतीत पहिला मुद्दा तोच.

नवीन प्रारूप विकास योजनेची कलम २६ची नोटीस असेल तर नकाशे आणि अहवाल कुठे बघायला ठेवलेत आणि प्रती वाजवी किमतीत विक्रीला आहेत, हे नोटिशीतच असावं लागतं. मुदत इथेही राजपत्रातल्या तारखेशी बांधलेली. नकाशाची प्रत 'संपली' असं उत्तर मिळालं तर तिथेच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मुदतवाढ मागताना तीच पोच उपयोगी पडते.

महाराष्ट्राचं साप्ताहिक राजपत्र गुरुवारी निघतं, पण अशा अधिसूचना बहुतेक असाधारण अंकात कुठल्याही दिवशी येतात. पुण्याचं काही शोधत असाल तर 'भाग एक, पुणे विभागीय पुरवणी' बघा. मुंबईच्या भागात शोधत बसाल तर सापडणार नाही.

पारावरचा

झाडांचं राहिलं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५, कलम ८: तोडीची परवानगी देण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याने स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची आणि शिवाय त्या झाडावर ठळक जागी नोटीस चिकटवायची. दोन्ही हवं. पेपरात 'अमुक रस्त्यालगतची ३४ झाडे' इतकंच असतं, कोणती ते झाडावरच्या कागदावरूनच कळतं. कागद दिसला की फोटो असा काढा की झाडाचा क्रमांक, कागदावरची तारीख आणि मागची इमारत किंवा दुकानाची पाटी एकाच चौकटीत येईल. आणि कागद नसेल तर कागद नसल्याचाही फोटो, सलग तीन-चार दिवस.

जनसुनावणी

पर्यावरणाचं सविस्तर लिहितो, कारण यात कालावधी कडक आहेत आणि गावकऱ्यांना वापरता येतील अशा जागा बऱ्याच आहेत.

आधार १४ सप्टेंबर २००६ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना, परिशिष्ट चार. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सदस्य सचिवांनी मसुदा अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत सुनावणीची तारीख, वेळ, जागा ठरवायची आणि एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात व एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यायची. लोकांना किमान ३० दिवसांची सूचना. मसुदा अहवाल आणि सारांश कुठल्या कार्यालयांत बघायला ठेवलेत ते जाहिरातीत हवं: जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मंत्रालयाचं विभागीय कार्यालय. सारांश इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही.

तारीख, वेळ, जागा बदलायची तर खरोखर आणीबाणीची परिस्थिती हवी, जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस हवी, आणि बदलाची सूचना त्याच दोन दैनिकांत पुन्हा द्यावी लागते. नवीन तारीख नव्याने ठरते. 'पाऊस आहे म्हणून मंगल कार्यालयात घेतो' असं सकाळी फळ्यावर लिहून भागत नाही. जिथे वर्तमानपत्रं पोचत नाहीत तिथे दवंडी, आकाशवाणी, दूरदर्शन अशा मार्गांनी कळवावं असंही त्यात आहे. दुर्गम पाड्यांच्या बाबतीत ग्रामपंचायतीने हे आधीच लेखी मागून घ्यावं.

काय चुकतं? जाहिरात वेळेत येते पण अहवाल कार्यालयात पोचलेलाच नसतो. जाहिरात आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघांनी जाऊन अहवाल बघायला मागावा. नसेल तर 'आज दिनांक अमुक रोजी अहवाल उपलब्ध नाही' असं पत्र देऊन आवक शिक्का घ्यावा. ३० दिवसांची सूचना कागदावरच राहिली, हे दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर पेपरात पुन्हा जाहिरात येते, ती प्रकल्पवाल्यांची, किमान दोन स्थानिक पेपरांत. ती कापून ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०पर्यंत. मुदत कधी सुरू झाली याचा वाद झाला तर सेव्ह मोन रीजन फेडरेशन प्रकरणातला (२०१३) हरित न्यायाधिकरणाचा निर्णय वाचा: मंजुरी लोकांपर्यंत पोचवण्याची जी कर्तव्यं आहेत ती पूर्ण झाली का, हे तिथे तपासलं गेलं.

दुबईकर_कुडाळ

आम्ही बाहेर राहणाऱ्यांनी काय करायचं? गावचा पेपर इथे येत नाही.

कलमदान

भूसंपादन कायद्याचं कलम २१ तुमच्यासाठी महत्त्वाचं. या टप्प्यावर हक्क सांगायची नोटीस संकेतस्थळावर आणि जमिनीवर किंवा जमिनीजवळ सोयीच्या जागी लागते. सगळ्यांसाठी पेपर बंधनकारक नाही. पण हितसंबंधी व्यक्ती दुसरीकडे राहते आणि गावात तिचा कुणी प्रतिनिधी नाही, तर २१(५)प्रमाणे शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर टपालाने नोटीस, आणि किमान दोन राष्ट्रीय दैनिकांत व संकेतस्थळावर प्रसिद्धी. हजर राहायची वेळ प्रसिद्धीपासून ३० दिवसांपेक्षा कमी नको, सहा महिन्यांपेक्षा जास्त नको. तलाठ्याकडे आणि भूसंपादन अधिकाऱ्याकडे आजचा पत्ता आणि ईमेल लेखी देऊन पोच घेऊन ठेवा. तो दिलेला असला की 'पत्ता माहीत नव्हता' असं कुणी म्हणू शकत नाही.

दिवाणी दाव्यात पेपरातून समन्स असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५, नियम २०(१अ): प्रतिवादी शेवटी जिथे प्रत्यक्ष राहत होता, धंदा किंवा काम करत होता, त्या भागात खप असलेलं दैनिक हवं. तुम्ही दहा वर्षं ठाण्यात राहत होतात आणि समन्स फक्त कुडाळच्या पेपरात, तर एकतर्फी हुकूम रद्द करायच्या अर्जात हा मुद्दा घ्यायलाच हवा.

मांडवी

गोव्याचं थोडक्यात: नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली क्षेत्रबदलाच्या सूचना येतात, लोकांच्या हरकतींना किमान ३० दिवस. इथेही राजपत्राचा अंक आधी बघायचा. गोव्याचं राजपत्र तीन मालिकांत निघतं, शोधताना मालिका बरोबर निवडा. तक्त्यात सर्व्हे नंबर आणि पोटविभाग असतो, मालकाचं नाव ओळखीचं असेलच असं नाही. शेजाऱ्यांनी आपापल्या एक-चौदाच्या (गोव्यातला सातबारा) उताऱ्यावरचा नंबर लावून बघावा.

पंचनामा

पुराव्याचं राहिलं. कात्रण म्हणजे पेपरचा चौकोनी तुकडा नव्हे. पानाचा वरचा भाग ज्यात पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आहे तो नोटिशीसकट हवा. पूर्ण पान जपणं उत्तम. ई-पेपरवरून घेत असाल तर फक्त त्या नोटिशीची प्रतिमा नको, अख्खं पान उतरवा.

माहिती अधिकारात एकाच अर्जात हे मागा: राजपत्राची प्रत, दोन्ही वर्तमानपत्रांचे अंक आणि बिलं, जिल्हा माहिती कार्यालयाला लिहिलेलं पत्र, ग्रामपंचायत, चावडी, तहसील येथे नोटीस लावल्याचे पंचनामे, दवंडीचा अहवाल, संकेतस्थळावर टाकल्याची तारीख. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये, पहिल्या अपिलाला २० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून प्रस्तावना न लिहिता थेट यादी द्या.

पण उत्तराला ३० दिवस लागतात आणि महामार्गाची हरकत २१ दिवसांत संपते. म्हणून आधी हरकत, माहिती अधिकार त्याच दिवशी समांतर. हरकतीत 'कागदपत्रे मिळाल्यावर पुरवणी हरकत देण्याचा हक्क राखून' हे वाक्य टाका.

हरकत लिहिताना: नोटिशीचा क्रमांक व तारीख, कलम, गाव-तालुका, गट क्रमांक व क्षेत्र, तुमचा हक्क (मालक, कूळ, वारस, ताबेदार), मुद्दे एकेक करून, आणि शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणी मिळावी'. महामार्गाच्या कायद्यात सुनावणी स्वतः किंवा वकिलामार्फत देता येते. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकासकट शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी टपाल. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्ट पोचपावतीसह करा आणि ईमेलही टाका.

कोकणवाट

शेवटचं एक. नोटिशीत गट क्रमांक चुकला आणि नंतर शुद्धिपत्रक आलं, तर मुदत पुन्हा सुरू होते का?

टिपणीस

काय दुरुस्त झालं त्यावर. नावातली वेलांटी, कार्यालयाचा दूरध्वनी, अशा दुरुस्तीने कुणाचा हक्क बदलत नाही. पण नवा गट आला, क्षेत्र वाढलं, गावच बदललं, तर त्या जमिनीच्या मालकाला पहिल्या नोटिशीने काही कळलेलंच नव्हतं. त्याच्यापुरती ती नवीनच नोटीस, आणि पूर्ण मुदत मिळायला हवी. मूळ नोटीस जिथे जिथे गेली (राजपत्र, तेच दोन पेपर, चावडी, संकेतस्थळ) तिथे सगळीकडे शुद्धिपत्रक जावं लागतं. फक्त पेपरात दिलं आणि राजपत्रात जुनाच गट राहिला, तर पुढे निवाड्याच्या वेळी दोन कागदांचे दोन आकडे समोर येतात आणि मोबदला अडकतो.

कलमदान

आणि हरकत देणाऱ्याने शुद्धिपत्रकाच्या तारखेवर नवीन २१ दिवस मिळतील असं गृहीत धरू नये. आधीच्या मुदतीत एक हरकत, शुद्धिपत्रक आल्यावर त्याचा क्रमांक-तारीख घालून दुसरी. दोन्हींच्या पोच एकाच फाइलला लावा.